मंगेशच्या जिवाचं ओझं

मोखाड्यात काशीला सगळे ओळखतात ते अंगणवाडीतली काशीताई म्हणून. माहेर जव्हारच्या पलीकडं, वावर गावाच्या अंगाला. दहावी झाली तेव्हा तिला जव्हारला राहून पुढं शिकायचं होतं. वर्ष पालटायच्या आत ती मोखाड्याची सून झाली. नवरा बुध्या ठाण्याला एका सोसायटीत वॉचमन, लावणी-कापणीला आणि सणाला घरी येणारा. दारू नाही, हात उचलणं नाही. लोक म्हणायचे, काशीचं नशीब चांगलं. काशीही तसंच म्हणत आली होती, गेल्या हिवाळ्यापर्यंत.

तिचा मुलगा मंगेश बारावीला होता. त्याचं वर्गातल्या पारूशी जमलं होतं. पारू पोशेऱ्याची, रोज एसटीनं येणारी. काशीला ते ठाऊक होतं आणि तिनं त्यावर कधी आरडाओरडा केला नव्हता. या वयात मन बसतं कुणावर तरी, असं ती म्हणायची. तिला ठाऊक नव्हतं ते एवढंच, की एसटीत शेजारी कोण बसलंय याचा फोटो पारूनं रोज मंगेशला पाठवायचा, आणि उत्तर यायला उशीर झाला की दिवसभर तो तिच्याशी अबोला धरायचा. दिवाळीनंतर पारू म्हणाली, मला हे नको. बस.

मंगेशनं जेवण टाकलं. मोबाइलच्या स्टेटसवर लिहिलं, मी नसेन तेव्हा कळेल. मित्रांनी ते वाचलं आणि एकापाठोपाठ एक पारूला फोन लावले. त्याला काय झालं तर तुला झोप लागेल का, असं एकानं विचारलं. वर्गशिक्षकांच्या कानावर गेलं, तर त्यांनी पारूलाच बाजूला बोलावून सांगितलं, परीक्षेपर्यंत तरी सांभाळून घे. सतरा वर्षांच्या पोरीला सगळ्यांनी मिळून एका जिवाची राखणदार नेमली. तिला विचारलं मात्र कुणीच नाही.

काशीचा थोरला दीर भिका पंचायत समितीत कारकून. घरातल्या प्रत्येक गोष्टीत शेवटचा शब्द त्याचा. तो काशीला म्हणाला, पोशेऱ्याला जा, पाया पडायची वेळ आली तर पड, पण पोरीकडून हो म्हणवून घे. काशी घाबरलेलीच होती. पोटचा पोर भिंतीकडं तोंड करून पडलेला. त्याला एकटं सोडू नका, असं शेजारणीला बजावून ती जीपमध्ये बसली.

पारूची आई माघी अंगणात नाचणी पाखडत होती. काशीला पाहून तिचं सूप थांबलं. पारू आतून आली. डोळे खोल गेलेले, हातातला फोन सारखा थरथरत होता आणि दर वेळी ती दचकत होती. काशीनं बरंच काही बोलायचं ठरवलं होतं. पण आधी पारूच बोलली.

"काकी, मी हो म्हणते. पण मग ते रोज म्हणावं लागंल ना? कधीपर्यंत?"

  काशी स्वतः मागची वीस वर्षं रोज तेच म्हणत आली होती.

मग तिनं पारूच्या हातातला फोन घेतला आणि बंद करून माघीकडं दिला. "नाय म्हणालीस ना? मग नायच. मंगेशला जपणं माझं काम आहे, तुझं नाय."

परतीच्या जीपमध्ये काशीच्या अंगाची लाही लाही होत होती. आधी राग आला मित्रांचा, मग शिक्षकांचा, मग दिराचा. आणि मग स्वतःचा, की आपणही त्याच कामाला निघालो होतो.

घरी भिका वाट बघत होता. हो म्हणाली का, हा त्याचा पहिला प्रश्न. काशी म्हणाली, मी विचारलंच नाय. भिका भडकला. म्हणाला, बुध्या तुझ्या बापाच्या दारात अन्नपाणी सोडून बसला होता म्हणून तू या घरात आलीस, काय वाईट झालं तुझं?

ही गोष्ट त्या घरात प्रत्येक हळदीला सांगितली जायची. बुध्याचं प्रेम किती खरं, म्हणून सगळे हसायचे, टाळ्या द्यायचे. काशीही पदर तोंडाला लावून हसायची. मंगेश हीच गोष्ट ऐकत मोठा झाला होता. हवी ती मुलगी कशी मिळवायची, हे त्याला घरानंच शिकवलं होतं.

"माझा बाप घाबरला, भावजी," काशी म्हणाली. "पोरीपायी कुणी मेलं तर तोंड कुठं दाखवू म्हणाला. मला कुणी विचारलं होतं?"

भिका चपला घालून निघून गेला. आतल्या खोलीत मंगेश उठून बसला होता.

काशी त्याच्याजवळ गेली. तिला त्याचा रागही आला होता आणि त्याच्यावर जीवही तुटत होता. ती म्हणाली, "तुला दुखतंय, ते खरं आहे. रड, मला बोल, मी कुठं जात नाय. पण तुझ्या जिवाचं ओझं त्या पोरीच्या डोक्यावर ठेवायचं नाय."

सकाळी ती त्याला घेऊन जव्हारच्या दवाखान्यात गेली. तिथं समुपदेशक बाई होत्या. मंगेश आधी तोंड उघडेना, काशी बाहेर बाकावर बसून राहिली. पुढं दर आठवड्याला ती त्याला नेत राहिली. अंगणवाडीतून रजा घेतली की लोक विचारायचे, आणि ती लपवायची नाही.

मग ती शाळेत गेली. शिक्षक नरमाईनं म्हणाले, ताई, आम्ही तुमच्याच मुलासाठी बोललो.

"माझ्या मुलासाठी दुसऱ्याची मुलगी देऊन टाकणारे तुम्ही कोण?" काशीनं विचारलं. पारूला फोन करणाऱ्या पोरांना समज द्या, नाहीतर मी वर तक्रार नेईन, एवढं सांगून ती बाहेर पडली. फोन बंद झाले.

मंगेश महिनाभर आईशी बोलला नाही. पारूला माफीचा मेसेज करू का, असं त्यानं पुढं एकदा विचारलं तेव्हा काशी म्हणाली, तिला तुझ्याकडून काहीच नको आहे, माफीही नको; तेवढं मान. दोघंही बारावी पास झाले. पारू पुढं नाशिकला गेली. मंगेश आता जेवतो, मित्रांत जातो, मध्येच कधी गप्प होतो. तेव्हा काशी त्याच्याजवळ जाऊन बसते, पण पोशेऱ्याकडं तिनं पुन्हा पाहिलं नाही.

निकालाच्या आधीच, त्या होळीला बुध्या घरी आला होता. भिकानं त्याचे कान भरलेलेच होते. जेवण झाल्यावर त्यानं दबकत विचारलं, तेव्हा तुला विचारलं असतं तर नको म्हणाली असतीस का?

"ठाऊक नाय," काशी म्हणाली. "विचारलं असतं तर मलाही कळलं असतं."

बुध्या खाली मान घालून बसला. काशीला त्याची दया आली नाही असं नाही. पण त्याचं मन राखायला ती या खेपेला हसली नाही. भिका अजून तिच्या दारात येत नाही, आणि गावात बोलतात की ही बाई स्वतःच्या पोराच्या विरुद्ध उभी राहिली. काशी म्हणते, बोलू द्या. पोरासाठी मी काय केलं, ते मंगेशला ठाऊक आहे.