बत्तीस घरांचा गुरुवार

मागच्या वर्षी एप्रिलच्या पहिल्या रविवारी आमच्या गल्लीने आठशे चाळीस रुपये जमा केले. अठ्ठावीस घरं, प्रत्येकी तीस. हजर आम्ही चौघे होतो: मी, समोरचे निवृत्त गुरुजी, कोपऱ्यावरचे किराणावाले आणि ज्यांच्यासाठी पैसे जमवले ते पेटीवाले बाबा.

बाबा वयाच्या तिसऱ्या वर्षी देवीच्या रोगाने आंधळे झाले. माझ्या लहानपणापासून दर गुरुवारी सकाळी गळ्यात पेटी अडकवून ते आमच्या गल्लीत येत. बाकीचे दिवस दुसऱ्या गल्ल्यांचे. घरं एकूण बत्तीस. चार घरं कधीच काही देत नसत, पण बाबा त्यांच्या दारातही पूर्ण गात. ज्या घरी त्या वर्षात कोणी गेलं असेल, तिथे फक्त एक हळू अभंग. गुरुजी त्यांना डिवचत, "बाबा, तोच अभंग किती वर्षं?"

"तुम्ही चाळीस वर्षं तोच बेचा पहाडा शिकवला न, गुरुजी? मी काही बोललो का?"

त्या मार्चमध्ये एका मोटरसायकलने त्यांना धक्का दिला. वय पंच्याहत्तर, वर ऊन. मी आकडेमोड केली. गुरुवारी त्यांना सरासरी एकशे नव्वद रुपये मिळत, महिन्याचे सातशे साठ. त्यांना फिरावं लागू नये म्हणून आम्ही दर महिन्याला घरपोच आठशे चाळीस देणार होतो. ऐंशी रुपये जास्तच. बाबांना काही हे पटलं नव्हतं.

"घरी बसून काय करू, बाबूजी?"

"आराम करा."

किराणावाले म्हणाले, "अरे बाबा, पैसा घरबसल्या येतोय. आम्हाला तर कोणी देत नाही असा!"

सगळे हसले. बाबांनी पैसे घेतले. आमचं पाहून आणखी दोन गल्ल्यांनी तसंच सुरू केलं आणि बाबांचं फिरणं बंद झालं. मला समाधान वाटलं होतं. ते लिहायला हवं म्हणून लिहितो.

दर महिन्याच्या पहिल्या रविवारी मी राजघाटाच्या उतारावर त्यांच्या खोलीवर पैसे पोचवत असे. जुलैत तो रविवार बहिणीकडे नेपानगरला गेला, म्हणून मी गुरुवारी सकाळी गेलो. बाबा ओट्यावर बसून गात होते. समोर कोणी नव्हतं. अभंग संपला, ते थोडं थांबले, बोटाचं एक पेर मोजलं, "आता गुरुजींचं घर," असं स्वतःशीच म्हणाले आणि पुन्हा पेटीचा भाता ओढला.

त्यांची विधवा मुलगी पावरलूमसाठी सुताच्या कांड्या भरते. ती आतून बाहेर आली. "एप्रिलपासून असंच चालू आहे, दादा. पैसे घेतले तर गाणं द्यायला पाहिजे, म्हणतात. बत्तीस घरं झाल्याशिवाय चहा घेत नाहीत. मी सांगून थकली."

"आणि बाकी दिवशी?"

"बाकी दिवशी त्या दोन गल्ल्यांचं. नाही तर भिंतीकडे तोंड करून बसतात."

मी तिथेच म्हणालो, "बाबा, या गुरुवारपासून वर्गणी बंद. तुम्ही पहिल्यासारखे गल्लीत या."

"येतो न! आज तर इथेच सुरू केलं. पुढच्या गुरुवारी येतो," ते म्हणाले. इतक्या वर्षांत त्यांचा आवाज एवढा मोठा मी ऐकला नव्हता.

एक गोष्ट त्यांना सांगायची माझ्याकडून राहिली. मे महिन्यात नळाच्या पाइपासाठी आमची गल्ली खोदली होती. नंतर सिमेंटचा रस्ता केला, तो वीतभर उंच झाला. दारांपुढच्या पायऱ्या कुठे एक, कुठे दोन त्याखाली गेल्या. नालीवरच्या फरशा, ज्यांच्या आवाजावर बाबा घरं ओळखत, काढून टाकल्या. ठेकेदाराने किती फूट काम केलं ते मी स्वतः टेपने मोजलं होतं. तरी सुचलं नाही.

पुढच्या गुरुवारी बाबा आले. पहिली चार घरं बरोबर झाली. पाचवं गुरुजींचं. बाबा त्याच्या पुढच्या घराच्या दारात थांबले आणि गुरुजींना आवडणारं मजेचं भजन जोरात गाऊ लागले. त्या घरातला मुलगा जाऊन तेरा दिवसही झाले नव्हते. आतून त्या बाई आल्या. रागावल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "बाबा, गुरुजींचं घर मागे राहिलं."

पेटी बंद झाली. बाबा खाली बसले आणि दोन्ही हातांनी रस्ता चाचपू लागले. "हा कोणी उचलला?" त्यांनी विचारलं. मी सांगितलं. गुरुजी त्यांचा हात धरून म्हणाले, "चला, मी घरोघर नेतो."

"नको, गुरुजी. धरून नेलेला माणूस दारात उभा राहिला की गाणं कोण ऐकतो?"

मी रिक्षा बोलावली. वाटेत ते एकच बोलले, "बाबूजी, आता पुन्हा घरी पैसे आणू नका. मला ते फेडता येत नाहीत."

उतारावर रिक्षावाल्याने चाळीस रुपये सांगितले. मी खिशात हात घातला, तर बाबांनी माझं मनगट धरलं. चार घरांचे मिळून त्यांच्याकडे पस्तीस रुपये होते. ते त्यांनी बोटांनी चाचपून रिक्षावाल्याला दिले. पाच कमी पडले, ते मी दिले.