उन्हात लावलेला सा

२० एप्रिल २०२४, शनिवार. अजिनाथने सावेडीत रोहिणीताईंच्या दुरुस्तीच्या टेबलावर एक हजार आठशे पन्नास रुपये ठेवले आणि त्यांच्या शेजारी सतरंजीत गुंडाळलेलं एक जड वाद्य ठेवलं. तो पाथर्डीकडचा, लग्नात वाजवणाऱ्या बँडचा मालक.

"ताई, शुक्रवारची सुपारी हाय. वाजलं तर ठीक. न्हाईतर शनवारी इकून टाकतो. हर्षलभाऊ सत्तर हजार देतो म्हनलेत."

सतरंजी सोडली तर आत सिंथेसायझर. जपानी, चाळीसेक वर्षांपूर्वीचा. तीन सप्तकांच्या पट्ट्या आणि वर फिरवायच्या गोल बटणांची रांग. त्यात साठवून ठेवलेले आवाज नव्हते. विजेचा दाब कमीजास्त होईल तसा सूर उतरायचा-चढायचा, आणि एका वेळी एकच सूर निघायचा. मुंबईतला एक स्टुडिओ बंद पडला तेव्हा अजिनाथचे वडील भीमाअण्णा तो घेऊन आले होते आणि त्यांनी तो थेट बँडच्या गाड्यावर बसवला होता. त्यावर ते गारुड्याची पुंगी वाजवायचे. सूर असा सरपटत वर जायचा की काठी टेकत आलेली माणसंही दोन पावलं नाचून घ्यायची. आसपासच्या गावांत बँडची ओळखच 'पुंगीवाला' अशी होती. अण्णा दोन वर्षांपूर्वी गेले. आता निम्म्या पट्ट्या मुक्या झाल्या होत्या आणि उरलेल्या खरखरत होत्या.

"शुक्रवारी वाजेल," रोहिणीताई म्हणाल्या. त्या एकदा शब्द देत आणि तो मोडत नसत.

रोहिणीताईंचं वय सत्तेचाळीस. आयटीआय करून त्यांनी एमआयडीसीतल्या एका कारखान्यात अकरा वर्षं सर्किट बोर्ड जोडले. ते काम बंद झालं तेव्हा बरोबरीच्या बायका घरी बसल्या. यांनी पार्किंगमध्ये टेबल टाकलं आणि इन्व्हर्टर, अॅम्प्लिफायर दुरुस्तीला घ्यायला सुरुवात केली. गल्लीतलाच हर्षल पुण्यात राहून जाहिरातींना संगीत द्यायचा. त्याच्याकडे भिंतभर मॉड्युलर सिंथेसायझर होता: लहान लहान खण, प्रत्येकाचं काम निराळं, आणि त्यांना एकमेकांशी जोडणाऱ्या शंभरेक रंगीत वायरी. त्या खणांचे सुटे भाग तो ताईंकडून जोडून घ्यायचा. जोडता जोडता त्यांनी त्याला इतके प्रश्न विचारले की शेवटी तोच त्यांना प्रश्न विचारू लागला.

अजिनाथचं वाद्य उघडलं तेव्हा पट्ट्यांखाली गुलाल होता. तीस वर्षांच्या वरातींचा गुलाल, थरावर थर. ताईंनी एकेक पट्टी काढली, ब्रशने साफ केली, स्पिरिटने पुसली. वाळलेले कपॅसिटर बदलले. तिसऱ्या दिवशी सगळ्या पट्ट्या बोलू लागल्या. एकच खोट राहिली. खालचा सा बरोबर लावला की वरचा सा हवा त्यापेक्षा वर जात होता. आत दोन बारीक स्क्रू होते, दोन सुरांतलं अंतर ठरवणारे. दोन्हींवर लाल ठिपके होते. कुणातरी अडाण्याचा हात लागलेला दिसतोय, असं म्हणत ताईंनी ते ब्लेडने खरवडले, कूलरसमोर बसून मोबाईलवर सूर मोजला आणि स्क्रू फिरवून दोन्ही सा अगदी काट्यावर आणले.

बुधवारी अजिनाथ न्यायला आला. जाता जाता म्हणाला, "अण्णा वाजवायच्या आधी ह्याला अर्धा तास उन्हात ठेवायचे. हलगी तापवावी तसं."

ताईंना हसू आलं. "अहो, हे काय चामडं आहे? उन्हात अजिबात ठेवू नका."

गुरुवारी भरदुपारी फोन आला. लग्नघरी हळद चालू होती.

"ताई, वरचा सा पोचंना! खालचा लावला की वरचा उतरतोय, वरचा लावला की खालचा बोंबलतोय. आमचे गोरखमामा म्हनत्यात, बाईनं गुलालासंगं सूर बी धुतला."

"वाद्य सावलीत आहे ना?"

"सावली कुठली? गाडा रस्त्यात उभा हाय. पट्टीला हात लावला तर चटका बसतोय."

तापलं की या यंत्राचे वरचे सूर उतरतात, हे ताईंनीच एकदा हर्षलला समजावून सांगितलं होतं. मग त्यांनी विचारलं, "ते लाल ठिपके कशाचे होते?"

"आईची नखाची लाली. अण्णांनी लावल्याली. का वं?"

फोन ठेवल्यावर ताईंना ते ठिपके खरवडल्याची भयंकर लाज वाटली. कारखान्यात अकरा वर्षं त्या स्वतः प्रत्येक स्क्रूवर असाच लाल ठिपका ठेवत आल्या होत्या. त्याचा अर्थ एवढाच: जुळवलंय, हात लावू नका. अण्णांनी वरचा सा मुद्दाम वर ठेवला होता. उन्हात तो उतरून जागेवर यायचा. ना कागद ना मोजायचं यंत्र, नुसत्या कानावर त्या माणसाने एप्रिल-मेचं ऊन वाद्यात भरून ठेवलं होतं, आणि ताईंनी ते ब्लेडने काढून टाकलं होतं.

शुक्रवारी सकाळची पहिली एसटी त्यांनी धरली. साडेअकराला परण्या, म्हणजे नवरदेवाची मिरवणूक, निघायचा होता. दहाला त्या गाड्यावर चढल्या, जनरेटर चालू करायला लावला, वाद्याचं झाकण उघडलं आणि डोक्यावर पदर घेऊन उन्हात बसून राहिल्या. पलीकडे पाचटाच्या जाळावर हलग्या शेकत होत्या.

"ताई, सावलीला या की," अजिनाथ म्हणाला.

"तापू द्या. हलगीसारखं."

पाऊण तासाने त्यांनी स्क्रूड्रायव्हर हातात घेतला. "मामा, सा द्या."

गोरक्षनाथ, म्हणजे सगळ्यांचे गोरखमामा, क्लॅरिनेट वाजवायचे. त्यांनी खालचा सा दिला, वरचा दिला, पुन्हा खालचा दिला. ताईंनी स्क्रू केसभर फिरवला. पुन्हा सा मागितला.

"सख्ख्या पोरीला बी एवढं काई दिलं न्हाई म्या," मामा घाम पुसत म्हणाले.

"द्या हो. वरचा अजून पोचत नाही."

पंचविसाव्या की तिसाव्या वेळी दोन्ही वाद्यांचा सा एक झाला. कुठलं क्लॅरिनेट आणि कुठलं यंत्र, ते कळेना. मामांनी क्लॅरिनेट खाली घेतलं, तरी सूर वाजतच राहिला. "भीमा बसलाय जनू," ते म्हणाले.

"कुणाकडे नेलपॉलिश आहे का?" ताईंनी खाली बायकांना विचारलं.

"अगं बया, बँडवालीला आत्ताच नटायचंय व्हय!" हशा पिकला. नवरदेवाची वहिनी आरती हिने पर्समधून लाल बाटली काढून वर दिली. "चाळीसची हाय बरं. नवी कोरी."

"देते," ताई म्हणाल्या आणि दोन्ही स्क्रूंवर एकेक ठिपका ठेवला.

परण्या निघाला. मारुतीच्या देवळापाशी अजिनाथने पुंगी धरली. सूर खालून निघाला, सरपटत वर गेला आणि वरच्या सावर जाऊन ठाम उभा राहिला. नवरदेवाचे आजोबा काठी नातवाच्या हातात देऊन पुढे आले. तापलेल्या वाद्यावर भाजलेली बोटं पाण्याच्या गार बाटलीला लावून ताई गर्दीच्या कडेला उभ्या राहिल्या आणि चाल संपेपर्यंत हलल्या नाहीत.

शनिवारी अजिनाथने हर्षलला नकार कळवला. हर्षलने लगेच ताईंना फोन केला. "ताई, त्या सेटिंगचे आकडे लिहून घेतलेत ना?"

"आकडे सावलीतले असतात," ताई म्हणाल्या. "वाजवायचं असेल तर ये पाथर्डीला."

नेलपॉलिशची बाटली गडबडीत ताईंच्या पिशवीतून सावेडीला आली. ती अजून त्यांच्या टेबलावर, सोल्डरिंगच्या तारेशेजारी आहे. आरतीचे चाळीस रुपये द्यायचे राहिले आहेत.