हुरहुरीवरची गोळी

औषधाच्या खिडकीवर बसलं की किस्से आपोआप साठतात. माणूस आत डॉक्टरांपुढे शहाण्यासारखं बोलतो आणि बाहेर आल्यावर, मी कात्रीने स्ट्रिप कापत असताना, खरं काय ते सांगून टाकतो. दहा गोळ्या पाकिटात घालीपर्यंत एकेकाचं अख्खं घर कळतं!

मी मूळची मिरजेची. नवऱ्याला गुडगावात मोटारींचे पार्ट बनवणाऱ्या कारखान्यात नोकरी लागली, म्हणून नव्वदच्या पुढेमागे इकडे आले. तेव्हा आमच्या सेक्टरच्या एका बाजूला मोहरीची शेतं आणि दुसऱ्या बाजूला अर्धवट बांधलेले टॉवर. सबनीस मॅडम, म्हणजे मनोविकारतज्ज्ञ डॉक्टर सबनीस, यांनी तिथे दोन खोल्यांत क्लिनिक काढलं. माझा फार्मसीचा डिप्लोमा ट्रंकेत पडून होता. मॅडमनी मला खिडकीवर बसवलं आणि मी तिथे बारा वर्षं बसले. नावं बदलून सांगते.

*

सुरुवातीला मनाच्या डॉक्टरकडे यायची लोकांना फार लाज. स्कूटर दोन गल्ल्या पलीकडे लावायचे आणि चालत यायचे. एकदा एकाच सोसायटीतले दोन शेजारी आमच्या बाकावर समोरासमोर आले.

"अरे भाईसाब, आप यहाँ?"

"बस, बीपी चेक करवाने. और आप?"

"मैं भी, बीपी!"

दोघंही अर्धा तास बीपीवरच बोलत बसले. मॅडमनी दाराआडून ऐकलं. दुसऱ्या दिवशी बीपीचं मशीन आतून उचलून बाहेर बाकाशेजारी ठेवलं. म्हणाल्या, "सगळ्यांचं बीपी आधी बाहेरच बघायचं. म्हणजे कुणाला खोटं बोलायला नको!"

*

परांजपे काकूंचे यजमान केंद्र सरकारच्या नोकरीतून रिटायर झाले. आयुष्यभर दिल्लीत सरकारी क्वार्टरमध्ये राहिलेल्या काकू नव्या फ्लॅटमध्ये आल्या आणि दुपार झाली की कासावीस व्हायला लागल्या. आधी एका हिंदी बोलणाऱ्या डॉक्टरकडे गेल्या. आता हुरहुरीला हिंदीत काय म्हणायचं? काकू म्हणाल्या, "डॉक्टरसाब, अंदर बहुत हुरहुर होता है."

"गुड़गुड़? पेट में?"

"अंदर," काकू म्हणाल्या.

त्याने पचनाचं औषध दिलं. बिचाऱ्या दोन महिने नेमाने घेत होत्या. मग आमच्याकडे आल्या, खुर्चीत बसल्या आणि म्हणाल्या, "मॅडम, पोट अगदी उत्तम झालं हो. हुरहूर आहे तिथेच आहे!"

मॅडम हसल्या, पण त्यांना तासभर बोलू दिलं. बाहेर आल्यावर काकू मला म्हणाल्या, "गोळी दे, नको देऊस. पण पुढच्या मंगळवारची वेळ लिही बाई. किती दिवसांनी इतकं मराठी बोलले!"

*

शिंदे कोल्हापूरचा. नव्या कंपनीत इंजिनिअर. हात थरथरायचे, छातीत धडधडायचं. त्याची खात्री होती की हा सगळा नव्या साहेबाचा धाक. मॅडमनी विचारलं, "आणखी कुठली औषधं चालू आहेत?"

त्याने पिशवी उलटी केली. बांधकामाच्या धुळीने त्याचा जुना दमा उसळला होता. एका डॉक्टरची गोळी कोल्हापूरची, दुसऱ्याची इथली. नावं वेगळी, आतलं औषध एकच, म्हणजे डोस दुप्पट, आणि धडधड त्यानेच! शिवाय ऑफिसच्या मशीनची कॉफी दिवसाला सहा कप. मॅडमनी लगेच त्याच्या दम्याच्या डॉक्टरांशी फोनवर बोलून डोस नीट करून घेतला आणि कॉफी तोडली. पंधरा दिवसांनी शिंदे आला तो एकदम शांत.

"म्हणजे मॅडम, मी साहेबाला घाबरत नव्हतो?"

"तसं दिसतंय खरं."

"अरेरे! मी तर राजीनामा देऊन बसलो!"

"मग परत घ्या की."

शिंदेने पिशवी उचलली. मग हळूच म्हणाला, "नको मॅडम. गाडीचं रिझर्व्हेशन झालंय. आता कशाला मोडा!"

*

इमरान बीडचा. यूपीएससीची दुसरी खेप. परीक्षेच्या विचाराने पोरगा वाळून गेला होता. दिल्लीतून बस बदलत आमच्याकडे आला. मॅडमनी औषध लिहून दिलं. पाचव्या दिवशी हजर! स्ट्रिप खिडकीत आपटली.

"ताई, हे परत घ्या. याने तर धडधड वाढली. झोपही गेली."

मी त्याला आत पाठवलं. मॅडम म्हणाल्या, "काही जणांना पहिले काही दिवस असं होतं. गुण यायला दोन-तीन आठवडे लागतात. आपण डोस थोडा कमी करू, हळूहळू वाढवू. पण स्वतःच्या मनाने बंद करायचं नाही."

"मग हे आधी सांगायचं ना, मॅडम!"

"सांगितलं होतं."

"तेव्हा धडधडत होतं. ऐकू आलं नाही!"

*

आता माझीच गोष्ट. मुलगी पुण्याला हॉस्टेलवर गेली आणि संध्याकाळी मला घर खायला उठायचं. औषधांच्या कपाटाची किल्ली माझ्याच कमरेला. पण शिस्त म्हणजे शिस्त. रीतसर पेशंटच्या खुर्चीत जाऊन बसले. "मॅडम, मलाही काहीतरी द्या."

झोप? लागते. भूक? आहे. कामात लक्ष? आहे.

"मग होतं काय?"

"मिरजेला आमच्या घरासमोर सतारी बनवायचे. पाच वाजले की तारा लावून बघायचे. इथे पाच वाजले की मला ते ऐकू येतं."

मॅडमनी पेन खाली ठेवलं. "मला सोलापूरच्या गिरणीचा भोंगा ऐकू येतो. गिरणी बंद पडून किती वर्षं झाली!"

डॉक्टरच असं म्हणाल्यावर गोळी कुठल्या तोंडाने मागणार! तेव्हापासून पाचचा चहा आम्ही दोघी एकत्र घ्यायला लागलो.

*

मालतीबाई आणि त्यांचा मुलगा निखिल, घरात दोघंच. निखिलला परदेशी कंपनीत नोकरी, दहाव्या मजल्यावर फ्लॅट. तेव्हा हातोहाती मोबाइल नव्हते. तो ऑफिसातून येईपर्यंत मालतीबाई बाल्कनीत उभ्या. उशीर झाला की अॅक्सिडेंटच डोळ्यांसमोर. घास उतरायचा नाही, हात गार पडायचे. दोनदा तर वॉचमनला रस्त्यावर बघायला पाठवलं. शेवटी निखिलच त्यांना घेऊन आला. मॅडमनी औषध दिलं, दर आठवड्याला बोलावलं, श्वासाचे व्यायाम शिकवले. दोन-तीन महिन्यांत बाई अगदी खुलल्या.

मग एका शनिवारी निखिल एकटाच औषध न्यायला आला. मी स्ट्रिप कापत होते.

"काकू, आईचा डोस जरा कमी नाही का करता येणार?"

"का रे? गुंगी येते का त्यांना?"

"नाही, नाही. मस्त आहे ती. झोपते, जेवते, शेजारणीबरोबर भाजीला जाते. मला कितीही उशीर झाला तरी टीव्ही बघत असते. म्हणते, 'आलास? ताट वाढून ठेवलंय.'"

"मग चांगलंच झालं की!"

"हो. चांगलंच झालं."

तो खिडकीच्या कट्ट्यावर बोट फिरवत उभा राहिला.

"मॅडमना विचारू का?" मी म्हटलं.

"नको! प्लीज, विचारू नका." त्याने पाकीट खिशात घातलं, दारापर्यंत गेला आणि परत आला.

"पार्किंगमध्ये गाडी लावली ना काकू, की मान आपोआप वर जाते," तो म्हणाला. "बाल्कनीत नुसते कपडे वाळत असतात."