दाराजवळची आशाताई

आमच्या आरोग्य केंद्रातली आशाताईंची, म्हणजे गावोगावच्या आशा सेविकांची, मासिक सभा सकाळी अकराला असायची. म्हणजे कागदावर. पवनी तालुक्यातल्या गावागावांतून बाया यायच्या, कुणाची एसटी चुकायची, कुणाच्या घरी पाहुणे. आलेल्यांनी न आलेल्यांची वाट पाहायची. असं दोन-चारदा झालं की वेळेवर येणाऱ्याही साडेअकराला निघू लागल्या. मी तिथली आरोग्य सहायिका, सभा घेणं माझंच काम.

आणि सभा म्हणजे मीच बोलायची. वरून आलेली पत्रं वाचायची, कुणाच्या गावचं काम मागे पडलं ते सर्वांदेखत सांगायची. समोर बाया खाली माना घालून आपापली रजिस्टरं भरत बसत. दोघी-तिघी धीट होत्या, उरलेला वेळ त्याच खाऊन टाकत. वाद नाही, गडबड नाही, म्हणून मला वाटे, आपली सभा छान चालते.

आसगावच्याही पुढच्या एका लहान गावची आशाताई नेहमी दाराजवळ बसे. चाळिशीची, कमी बोलणारी. भाताच्या रोवणीच्या दिवसांत तिच्या गावातलं बाळांचं लसीकरण दोन महिने सारखं कमी येत होतं. दोन्ही वेळा मी तिला बोलले. दोन्ही वेळा ती अर्धवट उठून म्हणाली, "मॅडम, एक बोलाचं होतं."

"ताई, आधी पत्रं होऊ द्या. शेवटी बोलू."

शेवटी सगळ्या एसटीसाठी उठायच्या. तीही जायची.

दुसऱ्या सभेनंतर ती व्हरांड्यात चप्पल घालत होती. मी जरा रागातच विचारलं, "ताई, तुमच्या गावच्या बाया लेकरं आणत काहून नाहीत?"

"तेच तं सांगाचं होतं जी," ती म्हणाली. "आपली सिस्टर अंगणवाडीत दहाले येते. बाया साताले रोवणीले जातात, लेकरू बी संगंच नेतात. घरी कोणी रायतच नाही. दुपारी साऱ्या जणी बोडीच्या पारीवर जेवाले बसतात. तिथं झाडाखाली सोय केली तं एकबी लेकरू सुटणार नाही."

बोडी म्हणजे शेताजवळचं लहान तळं, पार म्हणजे त्याचा बांध. एवढीशी गोष्ट, आणि ती सांगायला तिला दोन महिने जागा मिळाली नव्हती. मला फार शरमल्यासारखं झालं. मी म्हटलं, "ताई, चुकलंच माझं." ती गोंधळून हसली.

पुढच्या सभेआधी मी पत्रं आदल्या दिवशीच मोबाइलवरच्या ग्रुपवर टाकली. सभेला खुर्च्या काढून सतरंजी घातली, गोल बसवलं आणि बरोबर अकराला सुरुवात केली, तेव्हा सात जणी होत्या. म्हटलं, आज आधी तुमच्या गावांची अडचण. कुणी बोलेना. पाच मिनिटं इतकी लांब असतात हे मला त्या दिवशी कळलं. सवयीनं माझा हात पत्रांकडे गेला होता, तेवढ्यात त्याच ताईंनी सुरुवात केली. त्यांचं होतं न होतं तोच दुसरी म्हणाली, "आमच्याकडं बी तसंच होऊन राहिलं." मग तिसरी.

पारीवरच लस द्यायला केंद्राच्या डॉक्टरसाहेबांनी होकार दिला. पुढच्या लसीकरणाला मी स्वतः सिस्टरसोबत पारीवर गेले. रोवणी आटोपून आता निंदणाला लागलेल्या, गुडघ्यापर्यंत चिखल लागलेल्या बाया हात धुऊन लेकरं पुढे करत होत्या. लेकरं रडत होती, बाया हसत होत्या, आणि ताई यादीतलं एकेक नाव मोठ्यानं पुकारत होत्या. यादी पुरी झाली.

सभा अजूनही कधीकधी भरकटते. एसटी चुकते, मोबाइल वाजतात, धीट बायांना आवरावं लागतं. परवा मी एक सूचना सांगत असताना नव्यानंच लागलेल्या आशाताईनं मला मध्येच थांबवलं. "मॅडम, हे आमच्या गावात नाही जमणार जी. आयका तं खरं."

मी पेन खाली ठेवलं आणि तिच्याकडे वळून बसले.