भरल्या गल्ल्याला कुलूप

लुसिंडा फुर्टाडोचा बाप न्यू बेडफर्डच्या धक्क्यावर मासेमारी बोटींचे हिशेब लिहायचा. मुलीला त्यानं पैशाचं एवढंच शिकवलं: बोट बुडते ती वादळानं, नाहीतर रिकाम्या गल्ल्यानं. लुसिंडा पुढं शिकली, त्याच राज्यातल्या केंब्रिज शहरात आली, साठीला टेकली, पण बापाचं हे गणित तिनं कधी तपासून पाहिलं नाही.

केंब्रिजात केंडल चौकाच्या आसपास दगड भिरकावला तर तो एखाद्या औषध कंपनीच्या काचेवरच बसायचा. त्यातल्या बहुतेकींचं औषध अजून औषध झालेलंच नसतं. अशाच एका चिमुकल्या कंपनीत लुसिंडा हिशेबनीस म्हणून लागली. मालक ग्रॅहम ऑस्ट्रँडर, मूळचा शास्त्रज्ञ, पायात दोन रंगांचे मोजे. पहिल्याच दिवशी तिनं विचारलं, "विक्रीची नोंद कुठं ठेवता?"

"विक्री? ती झालीच तर दहा वर्षांनी."

"मग तोवर दुकान कशावर चालतं?"

"आशेवर."

"बरं. मग आशेची पावती कुणाच्या नावानं फाडू?"

ग्रॅहम खो खो हसला, आणि बाई तिथं रुळली.

काम मात्र हसण्यावारी न्यायचं नव्हतं. काही मुलांच्या अंगात जन्मतःच एक जनुक खराब असतं. आधी पाय जातात, मग हात, मग श्वास. ग्रॅहमची माणसं चांगलं जनुक एका माणसाळवलेल्या विषाणूच्या पाठीवर बसवून आत पाठवणार होती. मेख अशी, की शरीर तो विषाणू एकदा पाहिला की ओळखून ठेवतं, दुसऱ्यांदा उंबरा ओलांडू देत नाही. म्हणजे औषध जन्मात एकदाच. आणि रीत अशी, की पहिल्या मुलाला अगदी थोडं द्यायचं, अपाय होत नाही ना एवढं बघण्यापुरतं. भरपूर मात्रा पुढच्यांना.

पैशाचीही रीत होती. गुंतवणूकदार रक्कम कबूल करत एकदम, देत हप्त्यानं. दुसरा हप्ता पहिल्या मुलाला औषध टोचल्यावर.

कंपनी उभी राहिली ती खरं तर नोरीन टली या बाईच्या जिवावर. नोरीन जवळच्या क्विन्सी गावची, नवरा नळकाम करणारा. मुलगी ब्रिडी हाच आजार घेऊन जन्मली, तेव्हा नोरीननं चर्चच्या तळघरात तिकीट लावून शिंपल्यांच्या रश्शाची जेवणं घातली, केक विकले, आणि जमलेला पैसा ग्रॅहमच्या हाती ठेवला. तिचा बेत साधा होता: ब्रिडी दुसऱ्या गटात, भरपूर मात्रेला.

पण पहिल्या गटाला मूलच मिळेना. एकाच्या रक्तात त्या विषाणूची ओळख आधीच निघाली, दुसऱ्याला न्यूमोनिया झाला, तिसऱ्याच्या आईबापांनी पाय मागं घेतला. गल्ला तळाला लागला. उरली ब्रिडी.

नोरीन एका रविवारी लुसिंडाच्या स्वयंपाकघरात येऊन बसली. पुढ्यातलं केल नावाच्या पालेभाजीचं सूप निवून गेलं.

"ग्रॅहम म्हणतो, रक्त धुऊन त्यातली विषाणूची ओळख काढायची आणि दुसऱ्यांदा औषध द्यायचं, अशी युक्ती शोधतोय. दोनेक वर्षांत जमेल म्हणतो. खरं का गं?"

"त्यातलं मला कळत नाही, नोरीन."

"मग जे कळतं ते सांग. ब्रिडी आत्ता पहिली गेली, तर तोवर कंपनी जगेल का? ग्रॅहमला विचारून उपयोग नाही. तो स्वतःच्या घटस्फोटालासुद्धा 'सुरुवातीची लक्षणं आशादायक' म्हणाला होता."

दोघी हसल्या. मग लुसिंडा गंभीर झाली. "करार मी ओळ न् ओळ वाचलाय. औषध टोचलं की हप्ता येतो. दोन वर्षांची बेगमी होते."

"नक्की ना?"

"दुकान पैसा संपल्यावर बंद पडतं, नोरीन. त्याआधी कोण कशाला बंद करेल?"

नोरीननं सही केली. थंडीत ब्रिडीला औषध टोचलं, आणि करारात होतं तसा हप्ता आला. लुसिंडानं घरून गोड पाव भाजून नेला. सगळ्यांनी उभ्याउभ्या खाल्ला, आणि ग्रॅहमनं चुरा कीबोर्डात सांडला.

वसंतात ब्रिडीचे निकाल आले. अपाय नाही, गुणही जवळपास नाही. एवढ्याशा मात्रेला ते अपेक्षितच होतं. पण त्याच सुमारास दूरच्या एका बड्या कंपनीत तसल्याच विषाणूनं एका रोग्याचं यकृत गेलं, आणि सारे पैसेवाले हात आखडता घेऊ लागले. संचालकांची बैठक भरली. गुंतवणूकदारांतर्फे प्रेस्टन व्हेल नावाचा गृहस्थ आला होता, बोलायला गोड, आवाज कधी न चढवणारा.

"थांबावं हे बरं," तो म्हणाला. "उरलेली रक्कम ज्याची त्याला परत करू."

लुसिंडाला वाटलं, आपली ऐकण्यात चूक झाली. "पण साहेब, पैसे आहेत! बँकेत आहेत!"

"म्हणून तर आत्ता," व्हेल म्हणाला. "संपल्यावर परत काय करणार?"

व्हेलनं ठराव मताला टाकला. हात वर झाले. भरल्या गल्ल्याला कुलूप लागलं.

पैसे परत पाठवायचं काम अर्थातच लुसिंडाचं. फ्रीझर विकले, खुर्च्या विकल्या. भरपूर मात्रेच्या कुप्या तयार होत्या, त्या जाळायला गेल्या. वकिलानं कंपनीची देणी वाचून दाखवली: जागेचं भाडं, पगार, आणि 'पहिला रुग्ण, पुढील तपासण्या'. ब्रिडी भाड्याच्या खाली, देण्यांत. व्हेल म्हणाला, "एका वर्षाचं ठेवलं तर पुरे."

"पाच," लुसिंडा म्हणाली. "पाच वर्षांचे बाजूला निघेपर्यंत मी एकही रक्कम परत पाठवणार नाही. मला काढा आणि दुसरी शोधा."

तिचा तो अवतार पाहून व्हेलनं खांदे उडवले. पाच वर्षांचे निघाले.

तेवढीच बातमी घेऊन ती क्विन्सीला गेली. नोरीन अंगणात बसली होती, शेजारी चाकाच्या खुर्चीत ब्रिडी. ग्रॅहमचा फोन आधीच येऊन गेला होता.

"पाच वर्षांच्या तपासण्यांचे पैसे वकिलाकडं ठेवलेत," लुसिंडा म्हणाली.

"तपासून काय बघणार?"

"औषधानं काही अपाय झाला का ते."

"आणि ती युक्ती? रक्त धुवायची?"

लुसिंडानं नकारार्थी मान हलवली. नोरीननं आवाज चढवला नाही. आरडाओरडा केला असता तर बरं झालं असतं.

"मी ग्रॅहमला नव्हतं विचारलं, लुसिंडा. तुला विचारलं होतं."

तेवढ्यात ब्रिडीनं मांडीवरचा रसाचा खोका तिच्यापुढं सरकवला. "लूसी, नळी घालून दे. माझा हात नाही पोचत." गेल्या थंडीत ती नळी स्वतःच खुपसायची, अभिमानानं.

लुसिंडानं हात पुढं केला. नोरीननं खोका मधेच उचलला.

"राहू दे," ती म्हणाली, आणि नळी स्वतः घातली.