धोंडुबाईंच्या डंकावरचा जनसंपर्क

आमच्या विभागातल्या मुलांना शेवटच्या वर्षी आठ आठवडे एखाद्या व्यवसायात जाऊन जनसंपर्काचं काम करावं लागतं. मी त्यांचा मार्गदर्शक. मार्गदर्शन म्हणजे काय, तर फॉर्मवर सही करणं आणि शेवटी अहवाल वाचणं. निशिगंधा ही गडहिंग्लजची मुलगी, वर्गात सगळ्यात हुशार, आणि ते तिला माहीत होतं. तिला पुण्यातल्या एजन्सीत जायचं होतं. पुण्याच्या उत्तराची वाट बघता बघता मार्च उजाडला आणि उत्तर आलंच नाही.

त्याच आठवड्यात मी बायकोबरोबर वर्षाची चटणी करून आणायला धोंडुबाईंच्या डंकावर गेलो होतो. डंक म्हणजे मिरची कांडायचं यंत्र. लोखंडी मुसळं उखळात धडाधड आपटतात आणि अख्खी गल्ली शिंकते. रांगेत बसून कंटाळल्यावर मी सहज धोंडुबाईंना विचारलं, की एक विद्यार्थिनी पाठवू का.

"मिरच्या निवडायला?" त्या म्हणाल्या.

मी सांगितलं, मिरच्या नाही, जनसंपर्काला. लोकांशी नातं जोडायचं काम असतं.

"माझी हायत की लोकांशी नाती," धोंडुबाई म्हणाल्या. "तिला नसतील तर यिऊ दे."

धोंडुबाई बासष्ट वर्षांच्या. माहेर आजऱ्याकडचं, घरी भाताची शेती. लग्न होऊन कोल्हापुरात आल्या तेव्हा नवरा बाळासो हा डंक चालवायचा आणि डंक बुडायच्या बेतात होता. कारण एकच, बाळासो खरं बोलायचा. गिऱ्हाईक बाईनं हौसेनं विचारावं, चटणी लालभडक होईल ना, आणि यानं मिरचीची मूठ उचलून बघावी आणि "न्हाई" म्हणावं. ती बाई पोतं उचलून दुसरीकडे जायची. दुसऱ्या मुलाच्या वेळी सात महिन्यांच्या पोटानं धोंडुबाई पुढं येऊन बसल्या आणि नवऱ्याला आत यंत्रापाशी बसवलं. तिथं इतका आवाज होता, की त्याला कुणी काही विचारू शकत नव्हतं. त्या वर्षापासून डंक चालू लागला.

त्यांना गिऱ्हाइकांची नावं आठवायची नाहीत, चटण्या आठवायच्या. दोन किलो संकेश्वरी, एक किलो ब्याडगी, लसूण जास्त आणि मीठ घरी घालणार, ही एक बाई. मिरची निम्म्यावर आली, की पोरगं पुण्याला नोकरीला लागलं असं समजायचं. एकदम दुप्पट झाली, की सून आली. हे सगळं त्यांच्या डोक्यात. कागदावर एक ओळ नाही.

निशिगंधा पहिल्या दिवशी पांढरा कुर्ता घालून आली. संध्याकाळी तो गुलाबी झाला होता आणि तिचे डोळेही. शिंका मोजायचं तिनं तिसाव्या शिंकेला सोडून दिलं. पण मुलगी चिवट. दुसऱ्या दिवशी तोंडाला ओढणी बांधून वही घेऊन हजर झाली.

पहिल्या आठवड्यात तिनं वर्तमानपत्रांसाठी प्रसिद्धिपत्रक लिहिलं. "चार दशकांची दैदीप्यमान परंपरा लाभलेल्या, कष्टाळू, प्रेमळ आणि सर्वांच्या लाडक्या श्रीमती धोंडुबाई यांनी..." असं सुरू होणारं. ते तिनं मोठ्यानं वाचून दाखवलं. धोंडुबाईंनी हातातलं सूप थांबवून शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि विचारलं, "कोण गेलंय?"

पत्रक पाच ठिकाणी पाठवलं. कुठंच छापून आलं नाही.

मग तिनं रांगेकडे मोर्चा वळवला. बायका तीन-तीन तास पोती धरून बसतात हे तिला मागासलेपणाचं वाटलं. तिनं पुठ्ठ्याचे नंबर केले. नंबर घ्या, घरी जा, वेळ झाली की या. दोन दिवस अंगण रिकामं राहिलं, आणि तिसऱ्या दिवशी दोघींची भांडणं लागली, की तुझ्या डब्यात माझी मिरची गेली. बायका तिथं आपल्या मिरचीवर नजर ठेवायला बसायच्या, आणि नजर मिरचीवर असली तरी तोंड मोकळं असायचं. रांगेत एकीनं दुसरीच्या चटणीचा वास घ्यायचा, प्रमाण विचारायचं, आपल्या जावेला सांगायचं. नवं गिऱ्हाईक असंच यायचं. हे धोंडुबाईंनी समजावून सांगितलं नाही. त्यांनी फक्त नंबरांचे पुठ्ठे चुलीजवळ नेऊन ठेवले.

तिसऱ्या आठवड्यात निशिगंधानं इन्स्टाग्रामवर डंकाचं पान उघडलं. फोटो चांगले काढायची. एके दिवशी ताज्या चटणीच्या ढिगाचा उन्हातला फोटो टाकला. आता खाली काय लिहावं? 'कुंकवासारखी लाल' सगळेच लिहितात. 'रक्तासारखी' बरं दिसत नाही. समोरच्या घराचं बांधकाम चाललं होतं, तिकडं बघता बघता तिला सुचलं आणि तिनं लिहिलं: "विटेसारखी लाल! अस्सल कोल्हापुरी!" दोनशे लोकांना ते आवडलं. तिनं मोबाईल धोंडुबाईंच्या पुढं धरला. त्यांनी विचारलं, यातल्या किती जणी मिरची घेऊन आल्या. निशिगंधा म्हणाली, असं लगेच नसतं, हळूहळू पसरतं.

पसरलं. पाचव्या आठवड्यात रांग पातळ झाली. ऐन एप्रिलमध्ये, जेव्हा अंगणात पाय ठेवायला जागा नसते, तेव्हा चार-पाच बायका दिसायला लागल्या. एक जुनी गिऱ्हाईक बाई चटणी घेऊन गेली आणि अर्ध्या तासात परत आली. तिनं पाण्याची वाटी मागितली, चिमूटभर चटणी त्यात टाकली आणि खाली काय बसतं ते बघत उभी राहिली. काय झालं म्हणून विचारल्यावर मान खाली घालून म्हणाली, लोक म्हणतात तुम्ही विटेचा भुगा घालता.

निशिगंधानं ओढणी सोडली आणि लिहायला बसली. संकटकाळातला संवाद हा तिचा आवडता धडा होता, त्यात मी तिला वीसपैकी अठरा गुण दिले होते. तासाभरात खुलासा तयार झाला. "आमच्या डंकावर चटणीत विटेचा भुगा मिसळला जातो, ही बातमी पूर्णतः निराधार आहे."

धोंडुबाई म्हणाल्या, "आत्ता गल्लीला ठावं हाय. तू गावाला सांगायला निघालीस."

निशिगंधानं विचारलं, मग काय करायचं, गप्प बसायचं? त्यावर धोंडुबाईंनी पायांत चपला घातल्या. कोण म्हणालं ते बघून येऊ, एवढंच बोलल्या.

वाटीवाली बाई म्हणाली, मला पार्लरवाल्या स्नेहलनं सांगितलं. स्नेहलनं एका गिऱ्हाइकाच्या भुवया कोरता कोरता सांगितलं, की मी 'घालतात' म्हटलं नव्हतं, 'विटेचा भुगा असल्यागत दिसतं' म्हटलं होतं, आणि ते मला बँकेतल्या वहिनींनी सांगितलं. बँकेतल्या वहिनींनी चहा केला. त्या म्हणाल्या, माझ्या कानावर 'विटेची पूड' आलं होतं, ते शाळेतल्या बाईंकडून. शाळेतल्या बाई वह्या तपासत होत्या. त्या म्हणाल्या, मी असलं काही बोलत नाही; शेजारची अवनी मोबाईलवर बघून म्हणाली, की या चटणीत विटेसारखं काहीतरी आहे. प्रत्येक घरी धोंडुबाई भांडण न करता निवांत बसत होत्या, पोराबाळांची चौकशी करत होत्या आणि मगच विचारत होत्या. निशिगंधा मात्र एकेक घरानंतर आणखी तापत होती. गुन्हेगार सापडला की त्याला जाहीर माफी मागायला लावायची, असं तिनं मनाशी ठरवून टाकलं होतं.

अवनी अकरावीतली मुलगी. तिनं मोबाईल काढला, शोधलं आणि पुढं धरलं. उन्हातला लाल ढीग, आणि खाली: "विटेसारखी लाल! अस्सल कोल्हापुरी!"

निशिगंधा मला नंतर म्हणाली, की सर, माझे कान इतके गरम झाले, की मिरची लागली म्हणून मी हात लावून बघितला. जिना उतरून खाली आल्यावर ती म्हणाली, उद्यापासून मी येत नाही. धोंडुबाई पायरीवर बसल्या होत्या. त्यांना हसू आवरत नव्हतं. पदर तोंडावर धरून त्या हलत होत्या.

"येत न्हाई म्हंजे? उद्या लवकर ये," त्या म्हणाल्या. "आणि येताना एक वीट घिऊन ये."

समोरच्या बांधकामावरून निशिगंधानं वीट मागून आणली. धोंडुबाईंनी ती धुऊन पुसून अंगणात पाटावर ठेवली आणि शेजारी एक हातोडी. येईल त्या बाईला त्या गंभीरपणे विचारायच्या, वीट किती घालू? पाव किलो की अर्धा? हातानं फोडून घ्या, आमची मजुरी न्हाई. पहिली बाई दचकली. दुसरी हसली. तिसरीला तोवर कुणीतरी सांगितलं होतं, ती घरून जावेला घेऊन आली होती, फक्त वीट दाखवायला. दोघी म्हाताऱ्यांनी विठोबाची वीट समजून हात जोडले. बायका विटेशेजारी बसून फोटो काढायला लागल्या. चार दिवसांत विटेचा विनोद त्या सगळ्या घरांतून उलटा फिरून आला, आणि एकदा ज्याला हसू आलं त्याला पुन्हा संशय येईना.

सहाव्या दिवशी वार्ताहर आला. निशिगंधाचं पत्रक ज्यांनी टोपलीत टाकलं होतं त्यांतलाच एक. त्याची आई रांगेत बसली होती. निशिगंधानं त्याच्यासाठी आठ मुद्दे लिहून ठेवले होते. तो मुद्दे न ऐकता थेट आत गेला, यंत्र नेमकं बंद होतं, आणि त्यानं बाळासोला विचारलं, काय हो मामा, चटणीत वीट घालता का?

चाळीस वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी बाळासोला प्रश्न विचारला होता. त्यानं नीट विचार केला.

"न्हाई," तो म्हणाला. "मुसळ खराब हुतं."

निशिगंधा भिंतीला टेकली. आता संपलं, असं तिला वाटलं. दुसऱ्या दिवशी चौथ्या पानावर तेच शीर्षक होतं, 'वीट घातली तर मुसळ खराब होतं', आणि विटेचा मोठा फोटो. धोंडुबाई फोटोत अर्ध्याच आल्या होत्या. पण लोकांनी ते वाचून जे ठरवायचं ते ठरवलं. असं उत्तर देणारा माणूस भेसळ करू शकत नाही. त्या आठवड्यात जोतिबाच्या डोंगराकडनं सुद्धा बायका पोती घेऊन आल्या आणि डंक अंधार पडेपर्यंत बंद झाला नाही.

इंटर्नशिप संपताना व्यवसायाच्या मालकानं मूल्यमापनाचा फॉर्म भरायचा असतो. धोंडुबाईंनी सांगितला, बाळासोनं लिहिला. फॉर्म माझ्याकडे आला तेव्हा त्याला लसणाचा वास होता. वक्तशीरपणा: गडहिंग्लजची एसटी येईल तसा. नेतृत्वगुण: वीट तिनंच उचलून आणली. संवादकौशल्य: आधी लई होतं, आता बेतात आलंय. सुधारणेस वाव: मिरचीची देठं अजून नीट निघत नाहीत.

निशिगंधाचा अहवाल चाळीस पानांचा अपेक्षित होता. तिनं अकरा पानं दिली. तोंडी परीक्षेला आलेल्या धैर्यशील सरांनी विचारलं, जनसंपर्काची तुमची व्याख्या काय. ती म्हणाली, सर, मला आधी येत होती. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी खिडकीबाहेर पाहिलं. गुण मात्र त्यांनी चांगले दिले.

आता ती आजऱ्यात एका काजू कारखान्याच्या प्रसिद्धीचं काम बघते. गेल्या महिन्यात तिथल्या मालकांचा मला फोन आला. आवाजात नाराजी होती. म्हणाले, मास्तर, तुम्ही शिफारस केलेली मुलगी एक जाहिरात करायला तयार नाही. दीड महिना झाला, दिवसभर काजू सोलणाऱ्या बायकांत बसून गप्पा मारते. पगार आम्ही ह्याचा द्यायचा का?

मी म्हटलं, "व्हय की."