नळीची आतली कड

विमलकाकूंचं नाव आधी घेतो. आठवीत शाळा सोडून वाशीमकडून कोल्हापुरात आलो, तेव्हा दोन वर्षं त्यांनी मला पोटच्या पोरासारखं जेवू घातलं. त्यांचे यजमान म्हणजे मास्तर. त्यांनीच मला कारखान्यात लेथवर चिकटवलं. मागच्या महिन्यात ते गेले. आता जे लिहितोय ते मी कुणालाच सांगितलेलं नाही — काकूंनाही नाही.

मास्तर गिटारवर ब्लूज वाजवायचे. तिकडं अमेरिकेत राबणाऱ्या काळ्या माणसांचं गाणं ते. ऊसतोड्यालासुद्धा न सांगता कळेल, म्हणायचे. करंगळीत धातूची नळी घालून तारांवरून सरकवली की तार माणसासारखी कण्हायची. या शहरात आज जो कुणी तसं वाजवतो, तो त्यांच्याकडून शिकलाय, नाहीतर त्यांच्या शिष्याकडून.

काही वर्षांपूर्वी त्यांची जुनी नळी हरवली. नवी मी करून देतो म्हणालो. पितळेची घेतली, कापली, बाहेरून आरशासारखी चमकवली. आतून — कसं सांगू? कापल्यावर आत धारदार कड राहते. पॉलिश पेपर गुंडाळून ती घासायची असते. पाच मिनिटांचं काम. मी ते केलं नाही. घाई होती का? नव्हती. चमक दाखवायची हौस होती, बस.

मास्तरांनी नळी उजेडात फिरवून बघितली. "आतनं कागद मारलायस न्हवं?"

"व्हय," मी म्हणालो. त्यांच्याच बोलीत — खोटं जरा घरचं वाटावं म्हणून?

त्या संध्याकाळी ते तीन तास वाजवत होते. साखरेचा आजार, बोटांना जाण कमी. नळी काढली तेव्हा रक्त दिसलं. जखम चिघळली. शेवटी करंगळीचं पेर कापावं लागलं. मी दवाखान्यात डबा घेऊन जायचो, तर मास्तर मलाच समजवायचे — माझी साखर नडली, तू कशाला तोंड पाडून बसलायस. तेव्हा तरी बोलायचं होतं ना? मी डबा उघडून दिला.

पुन्हा त्यांनी वाजवलं नाही. नुसतं शिकवलं.

राजारामपुरीत शोकसभा झाली. सगळे म्हणाले, बोटाचं निमित्त झालं, पण मास्तर योग्य वेळी थांबले. माईक माझ्याकडे आला. मीही तेच म्हणालो.

काल काकूंनी ती नळी माझ्या हातात ठेवली. "तुझ्या हातची हाय, तुझ्याकडंच ऱ्हाऊ दे."

खोलीवर येऊन आत बोट घातलं. कड अजून आहे. इतकी वर्षं नळी मास्तरांच्या कपाटात होती. त्यांनी कधी आत बोट फिरवलं नसेल? माहीत नाही. आता कळायचंही नाही.

काकूंचं देणं मी फेडीन. सुरुवात त्यांच्यासमोर बसून हे सांगण्यापासून. कोणत्या दिवशी — ते अजून ठरवता येत नाही. पण फेडीन.